फ्यूजच्या जागी तार

डुफीला काळजी करायला कारण लागत नसे. कुमासी शहरातल्या सुआमेच्या गॅरेजवस्तीत, जिथे इंजिनं, दरवाजे, टायर आणि माणसं सगळी सारखीच काळी होतात, तिथे तिची पत्र्याची टपरी होती आणि गेली सव्वीस वर्षं ती गाड्यांच्या वायरी आणि दिवे दुरुस्त करत होती. संध्याकाळी टपरीला कुलूप घातलं की ती चार पावलं जाई, परत येई आणि कुलूप ओढून बघे. मग कोपऱ्यापर्यंत जाई आणि पुन्हा मागे येई. शेजारचा टायरवाला म्हणे, "मावशी, त्या कुलपालाच विचार ना एकदा, लागलंयस का म्हणून." ती त्याच्याकडे साफ दुर्लक्ष करी आणि तिसऱ्यांदा ओढून बघे.

दुसरीकडे कुठे हा स्वभाव लोकांना जाच झाला असता. तिच्या धंद्यात मात्र त्याला मोल होतं. हेडलाइट मंद झाले की लोक आधी बल्ब बदलत, मग बॅटरी बदलत, मग गाडीला कुणाची तरी नजर लागली म्हणून प्रार्थना करून घेत, आणि खिसा पुरता रिकामा झाला की डुफीकडे येत. ती बल्बला हातही लावत नसे. दिव्याची अर्थची वायर गाडीच्या अंगाला जिथे स्क्रूने बसवलेली असते, तिथला गंज ती सुरीने खरवडून काढी, स्क्रू आवळी, आणि दिवा लख्ख लागे. इंडिकेटर दिला की टेललाइट मिचमिचतो, ब्रेक दाबला की डॅशबोर्ड विझतो, असल्या भुताटकीच्या तक्रारी निम्म्याहून जास्त त्या एका गंजात निघत. पण ती तेवढ्यावर थांबत नसे. गाडी जाऊ देण्याआधी ती प्रत्येक दिवा तीनदा लावून बघे, आणि गिऱ्हाइकं वैतागून घड्याळ बघत उभी राहत.

सुरुवातीची काही वर्षं लोक टपरीशी येऊन तिलाच विचारत, मास्टर कुठे आहेत? जेवायला गेलेत, ती सांगे, आणि गाडीखाली शिरे. काम झालं, पैसे हातात पडले, की म्हणे, "आले बघा मास्टर." खरे मास्टर तिचे वडील. मास्टर ड्वोमोंच्या डोळ्यांना उतारवयात वायरींचे रंग ओळखू येईनात, म्हणून त्यांनी मुलीला शेजारी बसवलं. ती रंग सांगायची, ते दुखणं सांगायचे. असं करता करता दोन्ही तिच्याकडे आलं. वायरीचं टोक दोनदा दुमडून पकडीने चिमटायची त्यांची एक लकब होती, तीही तिच्या हातात तशीच उतरली.

मास्टर ड्वोमो तसे शांत, पण एका गोष्टीवर त्यांचा पारा चढे. फ्यूज ही गाडीत मुद्दाम ठेवलेली कच्ची जागा. वायर कुठे सोलून पत्र्याला लागली की आधी फ्यूज जळतो आणि बाकी गाडी वाचते. पण रस्त्यात फ्यूज उडाला की ड्रायव्हर लोक त्या जागी सरळ तारेचा तुकडा घालतात. तार काही जळत नाही, मग तिच्याऐवजी बाकीचं जळतं. विचारलं तर म्हणतात, दोन मिनिटांपुरती घातलीय, आणि दोन वर्षं तशीच चालवतात. डुफीला गाडीत अशी तार सापडली की ती उपटून ड्रायव्हरच्या तळहातावर ठेवी आणि चारचौघांत विचारी, "झाली का रे तुझी दोन मिनिटं?" घरी गेल्यावर जेवताना आईला सांगे, आज किती 'दोन मिनिटांपुरते' भेटले ते. आई, बिरागो, आंबवलेल्या मक्याच्या केंकेचा घास मोडत ऐकून घेई. नवऱ्याच्या तोंडून तिने हे तीस वर्षं ऐकलं होतं, आता मुलीच्या तोंडून ऐकत होती.

जानेवारीतला तो शनिवार. हरमाटनचा वारा आठवडाभर वाळवंटाची धूळ आणून ओतत होता. सूर्य वर आला तरी त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून बघता येई आणि शंभर पावलांपलीकडचं माणूस फक्त सावली वाटे. बिरागोच्या माहेरी, एजुराच्या पलीकडच्या गावात, तिच्या चुलतभावाच्या अंत्यविधीचा मोठा दिवस होता. सगळ्या गोतावळ्याने मिळून अमोआकोची त्रोत्रो, म्हणजे भाड्याची प्रवासी व्हॅन, ठरवली होती. डुफी दुसऱ्या दिवशी, रविवारच्या प्रार्थनेला जाणार होती. शनिवारी गिऱ्हाइकाला शब्द दिलेला होता.

अमोआको म्हणजे डुफीच्या वयाचा, पन्नाशी उलटलेला, जुना गिऱ्हाईक. त्याच्या गाडीच्या पुढच्या काचेवर पिवळ्या ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'कुणाला काय त्याचं'. गाडी चालवण्यात हुशार, पण दिव्यांच्या बाबतीत कंजूष. दिवे बॅटरी खातात असं त्याचं ठाम मत होतं आणि सूर्य दिसतोय तोवर, मग तो धुळीतून का दिसेना, तो दिवा लावत नसे. त्या दिवशी मात्र तो उजाडताच टपरीवर हजर झाला, कारण टेललाइटचा फ्यूज कालपासून तीनदा उडाला होता, आणि शनिवारी अंत्यविधीच्या गाड्यांची गर्दी असते म्हणून पोलीस रस्त्यात दिवे तपासतात.

डुफीने नेहमीची युक्ती केली. फ्यूजच्या खाचेत तिने ब्रेकचा एक जुना बल्ब वायरींची टोकं दुमडून अडकवला आणि दिवे चालू केले. बल्ब भक्कन पेटला, म्हणजे कुठेतरी वायर पत्र्याला लागलेली होती. मग ती मागे गेली आणि एकेक जोड हलवून बघायला लागली. अमोआको पुढे बसून बल्बकडे बघत होता. मागच्या दरवाजाच्या बिजागरीपाशी तिने हात लावला आणि तो ओरडला, "मंदावला." नंबरप्लेटच्या दिव्याकडे जाणारी वायर तिथून जात होती. तिच्यावरची रबराची नळी फाटलेली, आणि दरवाजाच्या उघडझापीत आतली वायर पार सोलून निघालेली. डुफीने टेप गुंडाळली. त्यावर सायकलच्या ट्यूबची नवी नळी चढवायची होती, पण आधी टेप टिकते का ते बघायला हवं होतं. दिवे लावून दरवाजा आपटून बघायचा, तर फ्यूज हवा. दहाचा लाल फ्यूज तिच्या डब्यात संपलेला होता.

आणि तिथे तिने ते केलं. इंचभर तांब्याची तार कापली, दोनदा दुमडली, टोकं चिमटली आणि डॅशबोर्डखालच्या खाचेत खुपसली. दोन मिनिटांपुरती. आपण मनात हेच शब्द म्हणालो, हे तिच्या तेव्हा लक्षातही आलं नाही. तिने दरवाजा चारदा आपटला, दिवे हलले नाहीत. ती समोरच्या दुकानातून लाल फ्यूज घेऊन आली, तो एप्रनच्या खिशात टाकला, आणि वळून बघते तर आई येऊन उभी होती. मागे काळ्या-लाल कपड्यांतले अठरा नातेवाईक.

मग डुफीची सगळी काळजी आईकडे धावली. गुडघ्यांमुळे आईला पुढे, ड्रायव्हरशेजारीच बसवायला हवं. धुळीचा खोकला होईल, शाल घेतली का? रक्तदाबाच्या गोळ्या? पाणी? शाल घेतली का? एकीकडे मागचा दरवाजा उघडून लोक सोड्याचे क्रेट कोंबत होते, दरवाजा लागेना म्हणून दोघं जण त्याला खांदा देत होते, आणि डुफी पुढच्या खिडकीत डोकं घालून तिसऱ्यांदा विचारत होती, शाल घेतली ना?

"डुफी," बिरागो म्हणाली, "मी मेलेल्या माणसाला भेटायला निघालेय. त्याला घाई नाही, पण मला आहे. हो बाजूला."

सगळे हसले, अमोआकोने आरशाला अंत्यविधीचं लाल फडकं बांधलं, आणि गाडी धुळीत नाहीशी झाली. डुफी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग गोळ्या कुठल्या कप्प्यात ठेवल्यात ते सांगायचं राहिलं म्हणून चुटपुटत टपरीत आली.

पाऊण तासाने असियामाची टॅक्सी आली. हेडलाइट एक बंद, एक मिणमिणता. हाच तो शब्द दिलेला गिऱ्हाईक. डुफीने टेपसाठी एप्रनच्या खिशात हात घातला आणि बोटांना काहीतरी लागलं. तिने बाहेर काढून बघितलं. लाल, कोरा करकरीत फ्यूज होता.

 ती बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. तार तिथेच होती. डॅशबोर्डखाली, आईच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर. मागच्या बिजागरीशी नुसती टेप, तीही त्या क्रेटनी आणि खांद्यांनी किती रगडली असेल कोण जाणे. टेप सुटली, वायर पत्र्याला लागली, तर जळायला फ्यूज नाही. मग वायरच तापणार, डॅशबोर्डपासून पेट्रोलच्या टाकीवरून मागच्या दरवाजापर्यंत, एकोणीस माणसांच्या पायांखालून.

तिने अमोआकोला फोन लावला. फोन टपरीतच वाजला. चार्जिंगला लावून विसरला होता तो. आईचा फोन बंद. कुणाला गरज पडेपर्यंत फोन चालू ठेवणं म्हणजे उधळपट्टी, असं तिचं म्हणणं. त्याच गाडीतल्या मावसबहिणीचा नुसताच वाजत राहिला, गाडीत गाणी चालू असणार. डुफीने तिन्ही नंबर पुन्हा फिरवले आणि दुसऱ्या खेपेलाही टपरीतला फोन वाजल्यावर तिला स्वतःची लाज वाटली.

तिला एकच आशा होती, आणि ती तिने घट्ट धरून ठेवली. दिवे बंद असतील तर त्या तारेतून वीजच जात नाही. आणि अमोआको दिवसा दिवे लावत नाही. त्याच्या ज्या कंजूषपणाला तिने वीस वर्षं नावं ठेवली, तो आज दुपारपर्यंत टिकू दे, एवढंच ती मागत होती.

"असियामा, मला एजुराच्या रस्त्याला घेऊन चल," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"मावशी, गाडीला दिवे नाहीत म्हणून तर मी इथे आलोय."

"ते बघू वाटेत. चल."

तिने हत्यारांची पिशवी, टेप, ट्यूबचा तुकडा आणि वायरीचं भेंडोळं घेतलं आणि पुढे बसली. टपरीला कुलूप न लावताच ती निघाली. टायरवाला बघतच राहिला.

असियामा तिशीतला, बोलका. काय झालं, कोण आजारी आहे, त्याने एका दमात विचारलं. अमोआकोच्या गाडीत एक काम राहिलंय, एवढंच ती म्हणाली. कसलं काम ते तिच्या तोंडून निघेना. तिने या असियामाच्याच तळहातावर मागल्या वर्षी तार ठेवली होती, सगळ्या रांगेसमोर. न्तोन्सो मागे पडलं तेव्हा तिने पुटपुटत सांगून टाकलं. असियामा हसला नाही, आणि ते तिला जास्त लागलं. त्याने नुसता ॲक्सिलरेटर दाबला.

युक्ती त्यानेच काढली. एजुराच्या स्टँडवरचा बुकिंगवाला त्याचा मेहुणा होता. तिकडून दर थोड्या वेळाने गाड्या कुमासीकडे सुटतात, त्या अमोआकोच्या समोरूनच येणार. मेहुण्याने सुटणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगायचं आणि रस्त्यात असलेल्यांना फोन करायचे: काचेवर 'कुणाला काय त्याचं' आणि आरशाला लाल फडकं असलेली त्रोत्रो दिसली की डिपर द्या, थांबवा. डुफीला वाटलं याच्या पाया पडावं. मेहुणा फोनवर म्हणाला, झालंच समजा.

जमासीच्या अलीकडे धूळ इतकी दाटली की समोरून आलेला लाकडांचा ट्रक अगदी अंगावर आल्यावर दिसला. असियामाने गाडी रस्त्याखाली उतरवली. मग डुफी उतरली. एकेक क्षण मोलाचा होता, तरी ती बॉनेट उघडून हेडलाइटच्या मागे वाकली. सुरीने गंज खरवडला, स्क्रू काढून पुसला, पुन्हा आवळला, दोन्ही बाजूंना. काम हातांना पाठ होतं. दोन्ही दिवे लख्ख लागले. तिने ते तीनदा लावून बघितले नाहीत. बघायला हवे होते, असं तिला पुढे मैलभर वाटत राहिलं.

गाडी पुन्हा वेगात निघाली. जमासी ओलांडल्यावर समोरून एक बस आली आणि तिने दोनदा डिपर दिला. असियामाचा हात आपसूक सीटच्या पट्ट्याकडे गेला. त्याने पट्टा लावला, धुळीपुरते लावलेले हेडलाइट होतेच, वर टेललाइटचं बटण फिरवून बघितलं, इंडिकेटर देऊन बघितला, ब्रेक दाबून बघितला, आणि ताठ बसला.

"काय झालं?" डुफीने विचारलं.

"पोलीस आहेत पुढे. डिपर दिला ना त्याने."

 या रस्त्यावर डिपरचा अर्थ एवढाच होता. तिला तो लहानपणापासून माहीत होता, असियामाला माहीत होता, मेहुण्याला माहीत होता, आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. एकामागून एक गाड्या अमोआकोला डिपर देतील. अमोआको थांबणार नाही. अमोआको म्हणेल पुढे पोलीस आहेत, आणि आजच दुरुस्त करून आणलेले दिवे, एकूण एक, दिमाखात लावून चालेल.

"फोन कर मेहुण्याला," ती म्हणाली. "सांग डिपर देऊ नका. हात करा, आडवी गाडी घाला, काहीही करा, डिपर देऊ नका." तिचा आवाज तिलाच परका वाटला. असियामाने फोन लावला. मेहुणा खुशीत होता. सहा गाड्यांनी डिपर दिले म्हणे आतापर्यंत.

 त्यानंतर मामपोंग येईपर्यंत डुफी फ्यूज मुठीत धरून बसली होती. आईचे गुडघे तिला दिसत होते, एकावर एक ठेवलेले हात दिसत होते. आईला आपण औषध विचारलं, पाणी विचारलं, शाल तीनदा विचारली. सव्वीस वर्षं लोकांना जे सांगितलं ते मात्र एकदाही आठवलं नाही. खिडकी बंद असूनही धुराचा वास येत होता. त्या दिवसांत सगळीकडे गवत पेटवलेलं असतं, वास कुठे येत नाही असं नसतंच. पण डुफी दर वळणावर तो हुंगत होती. मामपोंगच्या घाटात डाव्या हाताला काळा धूर उभा दिसला आणि तिने असियामाचा दंड एवढा गच्च धरला की गाडी हेलकावली. एका म्हाताऱ्याने शेतातली जुनी ताडाची झाडं पेटवली होती.

घाट उतरून पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. धुळीत आधी लाल-काळे ठिपके दिसले, मग माणसं झाली. त्रोत्रो रस्त्याकडेला उभी होती, चारही दरवाजे उघडे. लोक झाडाखाली विखुरलेले. डुफी गाडी पुरती थांबायच्या आधी उतरली आणि पडता पडता वाचली. ती माणसं मोजत होती. सतरापर्यंत मोजल्यावर तिला आई दिसली, सोड्याच्या क्रेटवर बसलेली, उजवा हात मांडीवर उलटा ठेवलेला. डोक्याला बांधायचं काळं फडकं मांडीवर पडलं होतं. तर्जनी आणि अंगठ्याची टोकं पांढरी पडून फुगली होती.

डुफीला रडू आवरेना. ती आईसमोर खाली बसली आणि हात हातात घ्यायला गेली, तर आई म्हणाली, "दुखतंय, हात लावू नकोस. मेले नाहीये मी."

झालं ते अमोआकोने सांगितलं. एकामागून एक डिपर आले, तेव्हा त्याला वाटलं आज सगळं पोलीसखातंच रस्त्यावर उतरलंय. त्याने सगळे दिवे लावले, लोकांना गाणी बंद करून नीट बसायला सांगितलं. थोड्या वेळाने बिरागो म्हणाली, काहीतरी जळतंय. तो म्हणाला, आजी, गवत जळतंय, हरमाटन आहे. मागचेही म्हणाले, गवत जळतंय. "तर ही म्हणते, तीस वर्षं मी नवऱ्याच्या कपड्यांतला हा वास साबण लावून धुतलाय, मला गवत शिकवू नकोस, गाडी थांबव. मी म्हटलं पोलिसांपुढे कुठे थांबवू? तोवर ही वाकलीच. डोक्याचं फडकं सोडून हाताला गुंडाळलं, खाली हात घातला आणि उपटलं. लालबुंद झालं होतं. सगळे दिवे गेले आणि मग मला धूर दिसला."

त्याने डॅशबोर्डखाली बोट दाखवलं. वायरींचा सबंध जुडगा काळा पडून एकमेकांत चिकटला होता.  

"स्टँडवरच्या कुणीतरी गाढवाने फ्यूजच्या जागी तार घातली होती," अमोआको म्हणाला. "डुफी, तू सकाळी बघितलंस तेव्हा नव्हती ना तिथे?"

सगळे तिच्याकडे बघत होते. असियामा आपल्या चपलेकडे बघत होता. आई शेताकडे बघत होती. नाही म्हटलं असतं तर ते तिथेच संपलं असतं. अमोआकोनेच तिला वाट करून दिली होती. सव्वीस वर्षांची टपरी, चारचौघांत ठेवलेल्या त्या सगळ्या तारा, बापाचं नाव, सगळं एका 'नाही'वर वाचत होतं. डुफीने मूठ उघडली. घामाने ओला झालेला लाल फ्यूज तिच्या तळहातावर होता.

"मी घातली," ती म्हणाली. "हा आणायला गेले आणि बदलायला विसरले. मी घातली, अमोआको."

 अमोआको चार पावलं लांब जाऊन पाठ करून उभा राहिला. मावसबहीण पुटपुटली, देवाने वाचवलं. कुणीतरी म्हणालं, देवाने कुठे, म्हातारीने. त्यावर कुणी हसलं नाही. ते वर्षभर अमोआकोची गाडी टपरीवर फिरकली नाही, हेही इथेच सांगून टाकते. तो तिला नमस्कार करायचा, पण दिवे दुसऱ्याकडे दाखवायचा, आणि डुफीने त्याला कधी दोष दिला नाही.

त्या दिवशी मात्र गाडी तिच्याच हाती होती. जळलेल्या वायरी तिने कापून काढल्या, भेंडोळ्यातून नव्या ओढल्या, बिजागरीशी ट्यूबची नळी चढवून दोन्हीकडून बांधली. लोक ऊन-धुळीत तासभर थांबले. तिने लाल फ्यूज बसवला, दिवे लावले, मागचा दरवाजा दहादा आपटला. मग अमोआकोला बोलावून खाच दाखवली, आणि त्याने वाकून, स्वतःच्या डोळ्यांनी, बघितली. याआधी वीस वर्षांत त्याने कधी बघितली नव्हती.

लोक गाडीत चढायला लागले. बिरागो क्रेटवरून उठली नाही. फडकं डोक्याला बांधल्याशिवाय ती माहेरच्या अंगणात पाय ठेवणार नव्हती, आणि बोटांनी गाठ मारता येत नव्हती. तिने ते डुफीपुढे धरलं. एक कडा करपून तपकिरी झाली होती. डुफीने करपलेली बाजू आत घेतली आणि आईच्या मागे उभी राहिली.

"तार माझ्या पिशवीत आहे," बिरागो हळूच म्हणाली. "दोनदा दुमडून टोकं चिमटलेली. तुझ्या बापाची घडी. हातात आली तेव्हाच ओळखली."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलतेस का ते बघत होते."

डुफीने गाठ मारली. ती सैल पडली, सुटली. बिरागोने मान ताठ केली.

"घट्ट बांध," ती म्हणाली. "दोन मिनिटांपुरतं नको."